नाताळला हरकत घेणारे ख्रिस्ती: त्यांना नेमकं काय खटकतं?

२३ डिसेंबर १९५१, रविवारची दुपार. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात कॅथीड्रलच्या लोखंडी कठड्याला सांताक्लॉजचा पुतळा लटकवला होता. धर्मशिक्षणाच्या वर्गांना येणारी सुमारे अडीचशे मुलं समोरच्या आवारात जमली आणि त्यांच्या देखत तो पुतळा जाळण्यात आला. सांतावर आरोप दोन: एक, तो पाखंडी आहे, दुसरा, त्यानं येशूची जागा बळकावली आहे. हे सगळं धर्मगुरूंच्या संमतीनं चाललं होतं. मागाहून पत्रकही निघालं. खोटं सांगून मुलांच्या मनात श्रद्धा जागवता येत नाही आणि ख्रिस्ती माणसासाठी नाताळ हा तारणाऱ्याच्या जन्माचाच सण राहिला पाहिजे, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता नगरपालिकेच्या छपरावर प्रकाशझोतात सांता पुन्हा हजर झाला! गावाचे महापौर फेलिक्स किर स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही.

ही घटना बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती गंमत वाटत नाही. पुतळा जाळण्याची पद्धत मला मान्य नाही, पण त्या माणसांना काहीतरी खरोखर सलत होतं. "नाताळचं बाजारीकरण झालंय" हे वाक्य आज चर्चमध्येही ऐकू येतं आणि मॉलमध्ये खरेदी करणाऱ्याच्या तोंडूनही. मात्र त्या एका वाक्याच्या पोटात निरनिराळ्या हरकती आहेत आणि त्यातल्या काही तर एकमेकींच्या थेट विरोधात जातात. त्या सुट्या करून पाहिल्या नाहीत, तर नाताळ न पाळणारा ख्रिस्ती माणूस आपल्याला नुसता हेकट वाटतो.

जेव्हा धार्मिक लोकांनीच दुकानं उघडायला लावली

सर्वांत जुन्या आणि सर्वांत कडक हरकतीचा बाजाराशी काहीच संबंध नव्हता. तिचा प्रश्न एवढाच होता: हा दिवस पाळायला देवानं सांगितलंय का?

सोळाव्या शतकात युरोपातल्या सुधारकांनी रोमच्या चर्चपासून फारकत घेतली, तेव्हा जुन्या प्रथांपैकी काय ठेवायचं आणि काय टाकायचं हा मोठा पेच होता. जर्मन सुधारक मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी ढोबळमानानं असं ठरवलं की शास्त्रात ज्याला मनाई नाही आणि ज्यानं सुवार्तेला बाधा येत नाही ते राहू द्यावं. जिनिव्हातला सुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतल्या मंडळ्यांनी कसोटी उलटी लावली. मनाई नाही एवढं पुरत नाही, उपासनेत जे काही करायचं त्याला शास्त्रात आधार हवा. या एका फरकातून दोन वेगळी जगं तयार झाली. ल्यूथरच्या जर्मनीत नाताळ गाण्यांनी आणि झाडांनी बहरला. जिनिव्हात १५५० साली रविवार सोडून बाकीचे सण बंद झाले. स्कॉटलंडच्या सुधारकांनी १५६० साली बंद करायच्या गोष्टींच्या यादीत नाताळचं नाव घातलं आणि तिथे या दिवसाला सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ साल उजाडावं लागलं.

त्यांचा युक्तिवाद समजायला अवघड नाही. येशूच्या जन्माची गोष्ट मत्तय आणि लूक सांगतात, पण तारीख दोघंही देत नाहीत. त्या दिवसाचा सण करा, अशी आज्ञाही कुठे नाही. येशूनं स्वतः आठवण ठेवायला सांगितली ती जन्माची नव्हे, मृत्यूची, भाकर आणि प्याला घेऊन. प्रेषित पौल तर गलतीकरांस पत्रात चक्क चिडतो: तुम्ही दिवस, महिने, ऋतू, वर्षं पाळायला लागलात, तुमच्यासाठी केलेले माझे श्रम वाया गेले की काय अशी मला भीती वाटते. २५ डिसेंबर ही तारीख रोममध्ये पाळली जात होती, याचा सर्वांत जुना पुरावा चौथ्या शतकातला, ३३६ सालाकडे बोट दाखवणारा. म्हणजे येशूनंतर तीनशे वर्षांनी. कठोर सुधारकांच्या दृष्टीनं विषय इथेच संपला. देवानं सात दिवसांतला एक दिवस दिलाय, तो पाळा.

इंग्लंडमध्ये प्युरिटन, म्हणजे कॅल्व्हिनच्या वळणाच्या कडक सुधारक लोकांच्या हाती सत्ता आली तेव्हा हा विचार कायद्यात उतरला. १६४५ च्या उपासनेच्या नियमावलीत म्हटलं गेलं की सणांच्या दिवसांना देवाच्या वचनात आधार नसल्यामुळे ते पुढे चालू ठेवू नयेत. जून १६४७ मध्ये पार्लमेंटनं नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे तिन्ही सण रद्द केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरीत जे घडलं ते वाचून मी बराच वेळ विचारात पडलो होतो. महापौरांनी फर्मान काढलं की आज नेहमीसारखा बाजार भरेल, दुकानं उघडी ठेवा. मोजक्याच दुकानदारांनी ऐकलं. जमाव त्यांच्यावर चालून गेला, माल रस्त्यावर फेकला गेला, लोकांनी दारांना 'होली' नावाच्या काटेरी झुडपाच्या हिरव्या फांद्या बांधल्या, भर रस्त्यात फुटबॉल सुरू झाला आणि खुद्द महापौरांनाही मार बसला.

इथे बाजू पूर्ण उलट्या आहेत. आज धार्मिक माणूस म्हणतो, निदान त्या दिवशी तरी दुकान बंद ठेवा. १६४७ साली धार्मिक माणूस म्हणत होता की दुकान उघडा, कारण तुम्ही ते बंद ठेवलंत तर माणसानं बनवलेल्या दिवसाला देवाच्या दिवसाचा मान दिल्यासारखं होईल. उघडं दुकान ही तेव्हा धर्मनिष्ठेची खूण होती! नाताळवरची हरकत म्हणजे बाजारावरची हरकत, असं समजून चालणाऱ्यानं कँटरबरी लक्षात ठेवावं.

अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीतला १६२१ सालचा प्रसंग यापेक्षा छोटा आहे, पण मला तो जास्त बोलका वाटतो. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी २५ डिसेंबरला नेहमीप्रमाणे सगळ्यांना कामाला बोलावलं. नुकत्याच आलेल्या काही जणांनी सांगितलं की या दिवशी काम करणं आमच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही. ब्रॅडफर्ड म्हणाले, ठीक आहे, तुम्हाला समज येईपर्यंत मी जबरदस्ती करणार नाही. दुपारी बाकीची मंडळी कामावरून परतली तर ही नवी माणसं रस्त्यात चेंडू खेळताना दिसली. ब्रॅडफर्डनी त्यांचं खेळाचं सामान काढून घेतलं आणि सुनावलं: बाकीच्यांनी राबायचं आणि तुम्ही खेळायचं, हे माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही. भक्ती करायची असेल तर घरात बसून करा.

ब्रॅडफर्ड कडक होते, यात शंका नाही. पण एकाच्या सणाचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर का, हा त्यांचा प्रश्न पुढे फार मोठा होणार होता.

मॅसॅच्युसेट्सनं १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा केला. तो १६८१ साली रद्द झाला, पण सवय राहिली. नाताळ तिथे कायदेशीर सुट्टी झाला तो १८५६ साली.

या तारखेत आपल्यासाठीही एक धागा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, ते न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्याच प्रदेशातल्या, प्युरिटनांचा वारसा सांगणाऱ्या मंडळ्यांनी पाठवलेले. १८२९ साली आलेले जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आज गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे, ते स्कॉटलंडच्या चर्चचे. म्हणजे मराठी प्रॉटेस्टंट समाज घडवणाऱ्या दोन मोठ्या प्रवाहांचा उगम जिथे झाला, तिथल्या चर्चमध्ये त्या काळात २५ डिसेंबरला जवळपास स्थानच नव्हतं. आज अहिल्यानगरपासून मुंबईपर्यंत त्या परंपरेतल्या चर्चवरसुद्धा डिसेंबरात चांदणी चढते, हा बदल किती मोठा आहे हे आपल्या फारसं लक्षात येत नाही.

"हा मुळात आपला सणच नाही"

दुसरी हरकत सणाच्या उगमाबद्दल आहे. २५ डिसेंबर हा रोमन सूर्यदेवाचा दिवस, झाड आणि हिरव्या फांद्या ख्रिस्तपूर्व युरोपच्या, मग यात ख्रिस्ती काय उरलं, असं हे म्हणणं. यहोवाचे साक्षीदार या भूमिकेसाठी सर्वांत प्रसिद्ध. सुरुवातीला तेही नाताळ करत असत, १९२६ नंतर त्यांनी तो सोडला. ते पाळतात तो येशूच्या मृत्यूचा स्मरणदिन. मुख्य प्रवाहातली चर्चेस त्यांची शिकवण स्वीकारत नाहीत, पण उगमाबद्दलची ही हरकत इतर अनेक छोट्या गटांमध्येही सापडते. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या दहाव्या अध्यायाचा दाखला हमखास दिला जातो: जंगलातलं झाड तोडतात, सोन्यारुप्यानं सजवतात, हलू नये म्हणून खिळे ठोकतात.

ही हरकत मला कच्ची वाटते. यिर्मया बोलतोय ते लाकडातून कोरलेल्या मूर्तीबद्दल. नाताळच्या झाडाचा इतिहास त्याच्यानंतर दोन हजार वर्षांनी जर्मन प्रदेशात सुरू होतो. तारखेचंही तसंच. सूर्यदेवाशी संबंध हे एक मत झालं. दुसरं मत असं, की येशूची गर्भधारणा २५ मार्चला झाली असं मानून पुढचे नऊ महिने मोजल्यावर ही तारीख आली. अभ्यासकांमध्ये अजून एकमत नाही. आणि उगमच धरून बसायचं तर मग वारांच्या नावांचं काय करणार? क्वेकर पंथीयांनी हाही विचार तडीस नेला होता. इंग्रजीतले वार जुन्या देवांच्या नावांचे म्हणून ते रविवारला 'पहिला दिवस', सोमवारला 'दुसरा दिवस' म्हणत. एवढा सुसंगतपणा ज्याच्याकडे आहे, त्याच्या हरकतीचा मी मान राखतो.

बाजार बाहेरून आला नाही

आता तिसरी हरकत, जी आज सगळ्यात जास्त ऐकू येते. ही मंडळी दिवसाच्या विरोधात नाहीत. उलट हा दिवस पवित्र आहे म्हणूनच तो विकला जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या डोळ्यांपुढे योहानाच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय असतो: येशू मंदिरात दोऱ्यांचा कोरडा, म्हणजे चाबूक, करतो, सराफांचे चौरंग उलथतो आणि माझ्या पित्याच्या घराचा बाजार करू नका असं बजावतो.

ही गोष्ट सांगताना आपण एक सोय करून घेतो. बाजार म्हणजे कुणीतरी परका, जो चर्चमध्ये घुसला, असं चित्र रंगवतो. इतिहास तसा नाही.

फिलाडेल्फियाचे जॉन वॉनामेकर यांचंच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांची घडी ज्यांनी बसवली, त्यांतले ते एक. ते श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन होते. बेथनी या नावानं त्यांनी सुरू केलेली रविवारची शाळा हजारो विद्यार्थ्यांची झाली. त्यांच्या दुकानाच्या प्रचंड मध्य-चौकात १९११ साली एक महाकाय ऑर्गन वाजायला लागला, जगातल्या सर्वांत मोठ्या वाद्यांपैकी एक. डिसेंबरात तो चौक कॅथीड्रलसारखा सजे, गिऱ्हाइकांना गीतांची पुस्तकं वाटली जात आणि खरेदीला आलेली माणसं पिशव्या खाली ठेवून नाताळची गीतं गात. वॉनामेकर ढोंगी होते असं मला अजिबात वाटत नाही. आपण लोकांना ख्रिस्ताच्या जवळ नेतोय अशीच त्यांची समजूत असणार. अडचण तिथेच आहे. दुकानाला चर्चचं रूप देणारा माणूस चर्चमधूनच आला होता आणि त्या चौकात गाणाऱ्यांनाही ती भक्तीच वाटत होती. मग कोरडा उगारायचा कुणावर?

मे १९०८ मध्ये याच दुकानाच्या सभागृहात आणखी एक गोष्ट घडली. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये ॲना जार्विस यांच्या पुढाकारानं मातृदिनाची पहिली उपासना झाली, तेव्हा त्याच दिवशी वॉनामेकरांच्या दुकानातही मातृदिनाचा कार्यक्रम झाला. जार्विसबाईंची आई त्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं रविवारची शाळा घ्यायची. तिच्या आठवणीसाठी लेकीनं पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी हा दिवस राष्ट्रीय पातळीवर जाहीर केला. त्यानंतर फुलवाले, मिठाईवाले आणि शुभेच्छापत्रवाले आले, आणि जार्विसबाई उरलेलं आयुष्य आपण स्वतःच सुरू केलेल्या दिवसाविरुद्ध लढत राहिल्या. छापील कार्डाची त्यांना विशेष चीड होती. जिनं तुमच्यासाठी जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त केलं, तिला स्वतःच्या हातानं चार ओळी लिहायचाही तुम्हाला आळस, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४८ साली त्या वारल्या तेव्हा लढाई केव्हाच हरलेल्या होत्या.

बाजारानं दिवसाची तारीखसुद्धा हलवली आहे. अमेरिकेतला आभारप्रदर्शनाचा दिवस, थँक्सगिव्हिंग, नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी येत असे. १९३९ साली तो ३० तारखेला पडत होता आणि नाताळच्या खरेदीला दिवस कमी उरत होते. दुकानदारांच्या संघटनेनं धरलेला आग्रह मानून राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तो आठवडाभर अलीकडे आणला. कित्येक राज्यांनी ऐकलं नाही. काही वर्षं देशात दोन-दोन थँक्सगिव्हिंग झाली. शेवटी १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. देवाचे आभार कधी मानायचे हे विक्रीचा हंगाम पाहून ठरलं.

आमोसचा प्रश्न

माझं मत विचाराल तर सर्वांत वजनदार हरकत चौथी आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. या सणाची किंमत कोण मोजतं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींचा डिसेंबर कसा जायचा ते पाहा. नाताळच्या आधीचे आठवडे रात्री उशिरापर्यंत काउंटरवर उभं राहायचं. सामान पोचवायला लहान पोरं, थंडीत. कामगारांसाठी झटणाऱ्या फ्लॉरेन्स केली आणि त्यांच्या नॅशनल कन्झ्युमर्स लीग या ग्राहक-संघटनेनं गिऱ्हाइकांना विनवण्या केल्या की खरेदी लवकर उरका, शेवटच्या दिवसांत गर्दी करू नका, तुमच्या आनंदापायी ही मुलं झिजतात. आज जाहिरातीत "लवकर खरेदी करा" म्हणतात ते विक्री वाढवायला. तेव्हा ते कामगारांच्या बाजूनं म्हटलं जात होतं.

या मुलींच्या डोक्यावर आणखी एक ताप होता. वरच्या साहेबाला आणि पर्यवेक्षकाला नाताळची भेट द्यायची, वर्गणी काढून. तुटपुंज्या पगारातून ती द्यावीच लागे. १९१२ साली ॲन मॉर्गन आणि एलिनॉर बेलमाँट यांनी न्यूयॉर्कमध्ये 'निरुपयोगी भेटी बंद करणारी संस्था' काढली ती या सक्तीविरुद्ध. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही तिचे सदस्य झाले. ही काही चर्चची संस्था नव्हती. पण बायबलमधल्या संदेष्ट्यांचा आवाज मला त्या काळच्या पुष्कळ प्रवचनांपेक्षा तिच्यात जास्त स्पष्ट ऐकू येतो.

कारण संदेष्टा आमोसच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात असे व्यापारी आहेत ज्यांना सणाचा दिवस संपायची घाई झाली आहे. अमावास्या कधी सरेल, शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, कधी संपेल, म्हणजे आम्ही धान्य विकायला काढू, माप लहान करू, तागडीत खोट करू, गरिबाला पायातल्या जोड्याच्या किमतीत विकत घेऊ. त्या व्यापाऱ्यांना निदान सण संपेपर्यंत थांबावं लागत होतं. आता सणच हंगाम आहे. आणि आमोसच्याच पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. देवाला सणाचा राग नाही. सणाच्या आडून जे वजन मारलं जातं त्याचा राग आहे.

हा प्रश्न दूरच्या देशापुरता नाही. नाताळला घरातल्या सगळ्यांना नवे कपडे हवेत, पाहुण्यांसमोर करंज्या, चकल्या आणि केक हवा, दाराला मोठी चांदणी हवी, आणि हे सगळं शेजारच्याइतकंच हवं. मजुरीवर जगणाऱ्या मराठी ख्रिस्ती घरात याचा हिशेब जानेवारीत उसनवारीच्या रूपानं समोर येतो. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाच्या नावानं गरिबाला कर्ज व्हावं, यापेक्षा मोठी विसंगती मला तरी सांगता येणार नाही.

सण उलटा झाला

कॅथलिक, अँग्लिकन, ल्यूथरन अशा, वर्षाचं धार्मिक कालचक्र पाळणाऱ्या मंडळ्यांची तक्रार आणखी निराळी आहे: वेळेची. त्यांच्या पंचांगात २५ डिसेंबरच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार येतात. हा वाट पाहण्याचा काळ. धर्मगुरूंचा पोशाख जांभळा, वेदीजवळ चार मेणबत्त्या, दर रविवारी एक वाढवायची, मिस्सात, म्हणजे उपासनेत, 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत गायचं नाही. सण सुरू होतो तो २४ च्या रात्री आणि परंपरेनं बारा दिवस, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. बाजाराचं कॅलेंडर नेमकं उलटं: नोव्हेंबरात गाणी सुरू आणि २६ तारखेला झाड कचऱ्यात. म्हणजे वाट पाहण्याच्या काळात मेजवानी आणि मेजवानीच्या काळात साफसफाई.

वसईतल्या किंवा गोव्यातल्या श्रद्धाळू माणसाला विचारा. या काळात जी थोडी शांतता आणि थोडी कसर सोसायची, तीच रात्रीच्या मिस्सातल्या पहिल्या ग्लोरियाला अर्थ देते. ती आधीच खर्चून टाकली की त्या रात्री नवीन काही घडत नाही. वाट पाहणंसुद्धा विकता येतं हे तर नाताळपर्यंतचे दिवस मोजायच्या जर्मनीतल्या आगमन-कॅलेंडरांनी दाखवून दिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी ती छापली तेव्हा दर दिवशी एक चित्र असायचं. आता त्यांच्यात रोज एक उघडायच्या छोट्या खिडक्यांमागे चॉकलेट असतं, सौंदर्यप्रसाधनं असतात, दारूच्या छोट्या बाटल्याही.

मग खर्च करणं पाप का?

इथे हरकत घेणाऱ्यांना त्यांच्याच शास्त्रातला एक प्रसंग आडवा येतो आणि तो टाळणं प्रामाणिकपणाचं नाही. बेथानीत मरिया (येशूची आई नव्हे, त्याची एक शिष्या) येशूच्या पायांना जटामांसीचं शुद्ध सुगंधी तेल लावते. शिष्य यहूदा म्हणतो की हे तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळपास वर्षभराची कमाई तिनं एका संध्याकाळी ओतली. आणि येशू म्हणतो, तिला असू द्या.

काटकसर म्हणजेच धर्म, असं यानंतर म्हणता येत नाही. प्रेमापोटी केलेली उधळण येशूनं स्वीकारली आहे. पण मरियेनं स्वतःजवळचं ओतलं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, शेजारणीनं ओतलं म्हणून नाही, आणि त्या तेलासाठी तिनं दुसऱ्या कुणाला रात्रभर राबवलं असं कुठे लिहिलेलं नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला आणखी एक तक्रार आहे. २००५ च्या सुमारास अमेरिकेत काही ख्रिस्ती संघटनांनी दुकानांवर बहिष्काराची भाषा केली, कारण तिथे 'मेरी ख्रिसमस'ऐवजी 'हॅपी हॉलिडेज' म्हणत होते. हीसुद्धा 'नाताळ वाचवा' अशीच हाक. पण ती बाजारातून ख्रिस्ताचं नाव सोडवायला निघालेली नाही, ते नाव बाजारानं घ्यावं म्हणून भांडणारी आहे. माझ्या मते हे उफराटं आहे. ज्याला दुकानात ख्रिस्ताचं नाव हवंय, त्यानं आधी तिथल्या कामगाराला २५ तारखेला सुट्टी मिळते का ते विचारावं.

प्रत्यक्षात लोकांनी मार्ग काढलेही आहेत. २००१ साली कॅनडातल्या मेनोनाइट ख्रिस्ती लोकांनी नाताळला काहीच विकत न घेण्याची मोहीम चालवली. २००६ साली अमेरिकेतल्या काही पाळकांनी 'ॲडव्हेंट कॉन्स्पिरसी' सुरू केली: भेटींवरचा खर्च कमी करा, वाचलेले पैसे गरजूंना, विशेषतः पिण्याच्या पाण्याच्या कामाला द्या. गोव्यातली 'कोन्सुआद' तर यापेक्षा कितीतरी जुनी. घरी केलेलं दोदोल, नेवऱ्यो, बेबिंका ताटात मांडून धर्म न पाहता शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायचं. त्यात खर्च आहे, कष्ट आहेत, थोडी चढाओढही असेल, पण देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात. ही पद्धत आता तयार मिठाईच्या खोक्यांपुढे मागे पडत चालली असेल, तर ती टिकवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आणि जे पाळतच नाहीत त्यांच्याशी कसं वागायचं? पौलानंच रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात वाट ठेवली आहे. कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो. ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि एकमेकांना दोष लावू नये. चर्चमध्ये एखादं कुटुंब नाताळचं झाड लावत नाही, मुलांना सांता सांगत नाही, म्हणून त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं पाहणाऱ्यांनी हा अध्याय वाचावा. दिजाँत पुतळा जाळणाऱ्यांनीही वाचायला हवा होता.

प्युरिटनांचा युक्तिवाद जुना झाला असं वाटत असेल तर अलीकडची एक गोष्ट पाहा. २००५ साली २५ डिसेंबर रविवारी आला. अमेरिकेतल्या काही मोठ्या चर्चेसनी त्या दिवशीची उपासना रद्द केली, लोकांना घरच्यांसोबत नाताळ साजरा करता यावा म्हणून. २०१६ आणि २०२२ मध्येही हा दिवस रविवारी आला आणि तेव्हाही काही चर्चेस बंद राहिली. शास्त्रानं न सांगितलेल्या दिवसासाठी शास्त्रानं सांगितलेला दिवस सोडला जाईल, हीच तर सतराव्या शतकातल्या त्या कडक माणसांची भीती होती. २५ डिसेंबर रविवारी येण्याची पुढची वेळ २०३३ साली आहे.